कमावलेले कातडे

जुनी गाडी विकायला निघालेला माणूस आधी टायर दाखवतो, मग इंजिनाचा आवाज ऐकवतो आणि सीटचा विषय निघाला की 'फुल लेदर आहे' एवढे म्हणून पुढे सरकतो. घेणाराही खूश होतो. लेदर म्हणजे श्रीमंती, आणि एकदा लेदर म्हटले की ते आपोआप टिकणार, असा आपला समज. प्रत्यक्षात पाच-सहा वर्षांत ड्रायव्हरच्या बाजूची कड भेगाळते, मागच्या काचेखालचा सीटचा माथा पापडासारखा कडक होतो, आणि मालक दुकानात येऊन सांगतो, 'हे काढून टाका, रेक्झिन बसवा.'

ते दुकान माझ्या मामूंचे. सारडा सर्कल आणि द्वारकेच्या पट्ट्यात गॅरेज, स्पेअर पार्ट, डेंटिंग-पेंटिंग यांच्या गर्दीत कुशनवाल्यांची काही छोटी दुकाने आहेत, त्यातले एक. शाळेच्या सुट्टीत माझ्या दुपारी तिथेच जायच्या. मामूंचे वडील टांग्यांचे काम करायचे. लगाम, खोगीर, टांग्याची गादी. टांगे गेले, तेव्हा रापी, आरी आणि शिलाई मशीन घेऊन पुढची पिढी जीप आणि ट्रककडे वळली. पुढे सातपूरच्या महिंद्राच्या कारखान्यातून २००२ साली स्कॉर्पिओ बाहेर पडली आणि नाशिकच्या रस्त्यांवर मोठ्या गाड्यांची सवय झाली. मामूंकडे चामड्याच्या सीटची गिऱ्हाइके त्यानंतर वाढली. सहा वर्षांपूर्वी मी एक जुनी गाडी घेतली. तिच्या सीट खऱ्या चामड्याच्या आहेत हे मामूंनी हाताने चाचपून सांगितले, आणि त्या कशा सांभाळायच्या तेही बजावले. त्यातले बरेचसे इथे लिहून ठेवतो आहे, कारण दुकानात येणाऱ्या दहा माणसांपैकी आठ जण उशिरा येतात.

पहिली गोष्ट, आपल्या सीटवर नेमके काय आहे ते पाहा. गाडीच्या माहितीपत्रकात 'लेदरेट' लिहिलेले असते आणि आपण 'लेदर' वाचतो. लेदरेट म्हणजे कापडावर चढवलेला प्लास्टिकचा थर. जिथे खरे चामडे असते तिथेही पुष्कळदा फक्त अंगाला टेकणारा भाग चामड्याचा असतो. बाजू आणि पाठीमागचा भाग कृत्रिमच. वरून बघून कळत नाही, कारण प्लास्टिकवर चामड्याची छिद्रे छापतात आणि खऱ्या चामड्यावरही सारखी दिसणारी नक्षी दाबून काढतात. मामू सीटच्या खाली हात घालून कव्हरची दुमडलेली कड उलटी करतात. उलट्या बाजूला विणलेले कापड लागले तर कृत्रिम, आणि केसाळ, मखमलीसारखा तंतू लागला तर चामडे. काडी पेटवून धागा जाळून बघणारेही महाभाग आहेत. गाडीत बसून काडी पेटवू नका, एवढेच सांगतो.

रेक्झिन हा शब्द आपण इतका आपलासा केला आहे की तो परका वाटत नाही. मुळात ते मँचेस्टरजवळच्या हाइड नावाच्या गावातल्या एका कंपनीच्या मालाचे नाव. इंग्रजीत कातड्यालाही हाइडच म्हणतात, फक्त स्पेलिंग वेगळे. म्हणजे नकली कातडे निघाले ते कातड्याच्या नावाच्या गावातून! आज आपल्या दुकानांत रेक्झिन म्हणून मिळते ते बहुतेक पीव्हीसी किंवा पीयू. ते वाईट असते असे मुळीच नाही. दुधाच्या गाडीला, शाळेच्या व्हॅनला मामू स्वतः तेच सुचवतात. पण त्याला कंडिशनर लावण्यात पैसे घालवू नयेत. ओल्या कापडाने पुसले आणि उन्हापासून वाचवले की झाले.

खऱ्या चामड्याचे गणित थोडे वेगळे आहे, आणि लोकांची गडबड इथेच होते. चामडे म्हणजे कातडे, कातड्याला तेल हवे, म्हणून ते खोबरेल चोळतात. कुणी दूध लावते, कुणी केळ्याची साल घासते, कुणी बुटाचे पॉलिश. आजकालच्या बहुतेक गाड्यांत चामड्यावर रंगाचा थर असतो आणि त्यावर पॉलियुरेथेनचा पारदर्शक पातळ पापुद्रा. आपला हात लागतो तो या पापुद्र्याला. खोबरेल त्यातून फारसे आत जात नाही, वरच राहते, त्यावर धूळ बसते आणि आपण बसता-उठता ती धूळ पॉलिश कागदासारखी घासली जाते. भेग आधी पडते ती या पापुद्र्याला. तो गेला की खालचे चामडे उघडे पडते, ओलावा आणि घाम पिते, वाळते आणि फाटते. म्हणून मामूंचा पहिला आणि जवळजवळ शेवटचा नियम स्वच्छतेचा. तेलाचा नंबर फार नंतर लागतो.

पंधरा दिवसांतून एकदा मऊ ब्रश लावलेल्या व्हॅक्यूमने सीटची धूळ ओढायची. शिलाईच्या खाचा आणि बसायच्या-टेकायच्या भागांमधली फट विसरायची नाही, वाळू तिथेच लपते. मग मायक्रोफायबरचे कापड पाण्यात भिजवून घट्ट पिळायचे आणि पुसायचे. महिन्या-दोन महिन्यांनी, किंवा सीट हाताला चिकट लागली की, चामड्यासाठी मिळणारा सौम्य क्लीनर कापडावर घ्यायचा. सीटवर थेट ओतायचा नाही. ज्या सीटला बारीक छिद्रे असतात तिच्यावर तर नाहीच. छिद्रांतून गेलेले पाणी फोममध्ये बसते आणि वास मारते, आणि आत गरम-थंड करण्याची यंत्रणा असेल तर नुकसान आणखी मोठे. कोपऱ्यात, न दिसणाऱ्या जागी आधी लावून पाहायचे. कापडावर सीटचा रंग आला तर तिथेच थांबायचे. साफ झाल्यावर दुसऱ्या ओल्या कापडाने साबण काढून टाकायचा, सावलीत दारे उघडी ठेवून वाळू द्यायचे. ड्रायर नको, ऊन नको. वर्षातून तीन-चार वेळा पाण्याच्या आधाराचे, तेलकट चकाकी न आणणारे कंडिशनर पातळ हाताने लावायचे आणि जास्तीचे पुसून टाकायचे. सीट चमकायला लागली म्हणजे ती निरोगी झाली असे नव्हे. नव्या गाडीतली चांगली सीट मंदच दिसते. चकाकी बहुतेक वेळा घाम आणि तेल साचल्याची असते.

काय वापरायचे नाही त्याची यादी मामूंकडे लांब आहे. भांड्यांची पावडर, फिनेल, ब्लीच, काच पुसायचा अमोनियाचा फवारा, पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश काढायचे पाणी. बॉलपेनची रेघ काढायला टूथपेस्ट घासणाऱ्यांना ते सांगतात, 'रेघ जाईल दादा, अन् तिच्यासंगं रंग बी जाईल.' २०२० नंतर या यादीत सॅनिटायझर आले. सॅनिटायझर लावलेला हात थेट स्टिअरिंगवर आणि सीटच्या कडेवर. त्या काळात वापरलेल्या गाड्या पुढे दुकानात आल्या, तेव्हा स्टिअरिंगच्या चामड्यावर बोटांच्या जागी रंग उडालेला मी स्वतः पाहिला.

पुस्तकी सल्ल्यात न सापडणाऱ्या काही गोष्टी आपल्या गावाच्या आणि आपल्या माणसांच्या आहेत. नाशिकचा उन्हाळा कोरडा. एप्रिल-मेमध्ये बंद गाडी उन्हात उभी राहिली की आत हात लावणे कठीण. काचेवर आतून चंदेरी पडदा लावायला अर्धे मिनिट लागते, आणि कुठल्याही बाटलीपेक्षा त्याचा उपयोग जास्त. मग जूनपासून उलट संकट. ओले रेनकोट, ओल्या छत्र्या, बंद काचा. आठवडाभर गाडी हलली नाही की सीटवर पांढरट बुरशी धरते. ती कोरड्या कापडाने गाडीबाहेर झटकायची, सौम्य क्लीनरने पुसायची आणि पाऊस उघडला की दारे उघडून वारा द्यायचा. ओलावा धरणाऱ्या पुड्या सीटखाली ठेवल्या तर बरे.

निफाड, दिंडोरीकडच्या बागायतदारांच्या गाड्या मामू दुरूनच ओळखतात. ऑक्टोबर छाटणीनंतर डावणीसाठी बोर्डो मिश्रणाच्या फवारण्या सुरू होतात. मोरचूद आणि चुना. बागेतून निघालेला माणूस त्याच कपड्यांनी गाडीत बसतो. फिकट करड्या सीटवर निळसर हिरवे डाग पडतात, शिलाईच्या धाग्यात चुन्याचा पांढरा गाळ बसतो. भुरीसाठी गंधक मारले असेल तर पिवळी पूड. मामूंचा उपाय साधा आहे. हंगामापुरती एक जाड सुती चादर सीटवर टाका, ती रोज धुवा आणि घरी आल्यावर काढून ठेवा. कायमचे प्लास्टिकचे कव्हर मात्र नको, खाली ओलावा कोंडतो.

आणि आपल्या घरातले म्हणाल तर अत्तर. जुम्म्याच्या दिवशी कुर्त्याला, मानेला लावलेले अत्तर तेलाचे असते. ते टेकायच्या भागावर उतरते आणि तिथे काळपट गोल तयार होतो. डोक्याच्या तेलाचे तेच. लग्नाच्या गाडीत ओली मेंदी, शेरवानीची जर, नवरीच्या ओढणीचे मणी, वरून फुले लावायला चिकटपट्टी. चिकटपट्टी ओढून काढताना रंगाचा पापुद्रा निघतो. नवी गडद जीन्स घातलेल्या भाच्यांचा निळा रंग फिकट सीटवर चढतो, तो दोन-चार दिवसांत पुसला तर जातो, महिना गेला तर तिथलाच होतो. मी गाडीत एक पांढरा सुती रुमाल ठेवतो आणि जुम्म्याला तो पाठीमागे टाकतो. मुलं हसतात. हसू देत.

गाडी घरी आली त्या दिवशी अम्मी आधी बसलीच नाही. दारात उभी राहून तिने विचारले, 'बेटा, ये चमडा काहे का है?' तिचा प्रश्न डुकराच्या कातड्याबद्दलचा होता, आणि मला तो हसण्यावारी न्यावासा वाटला नाही. डुकराचे कातडे बुटांच्या अस्तरात, हातमोज्यांत वापरतात हे खरे आहे. गाडीच्या सीटला मात्र मोठे सलग कातडे लागते. ते जवळजवळ नेहमी गाईगुरांचे असते, आपल्याकडे म्हशीचेही. मामूंनी तिला तसे सांगितले, वर आरशासारखी पुसलेली सीट दाखवली, तेव्हा ती बसली. पण तिच्या प्रश्नाने मला आमच्या मोहल्ल्यातल्या एका जुन्या मौलानांकडून ऐकलेली गोष्ट आठवली. हदीसच्या ग्रंथांत एक प्रसंग आहे. हजरत मैमूना यांच्या एका दासीला सदक्यात मिळालेली बकरी मेली होती. प्रेषित मुहंमद (स.) तिथून जात होते. त्यांनी विचारले, हिच्या कातड्याचा उपयोग का केला नाही? लोक म्हणाले, ही मेलेली आहे. त्यांनी सांगितले की मनाई खाण्याची आहे. कातडे दबागत करून, म्हणजे कमावून, पाक होते, ही त्यानंतरची फिकहची चर्चा. हनफी मसलकात डुक्कर वगळता कमावलेले कातडे पाक मानतात. आमचे कोकणातले शाफई नातेवाईक कुत्र्याचेही वगळतात. मला त्या चर्चेपेक्षा तो प्रश्न जास्त लागला. वाया का घालवले, असा तो प्रश्न आहे.

मराठीत या क्रियेला 'कातडे कमावणे' म्हणतात. पैसा कमावणे आणि शरीर कमावणे यांतलाच शब्द. बाभळीची साल, हिरडा यांच्या पाण्यात कातडी मुरवून ठेवण्याचे हे काम महाराष्ट्रात पिढ्यान्पिढ्या ढोर समाजाने केले, शिवण्याचे काम चर्मकार समाजाने. धारावीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तमिळ मुसलमानांनी कातडे कमावण्याचे कारखाने चालवले. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिचे चामडे अजून हिरडा-बाभळीचे. गाडीच्या सीटचे चामडे तसे नसते. ते बहुधा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते, मऊ आणि लवकर तयार होणारे. पण ओल्या, सडक्या कातड्यात हात घालण्याचा वास आणि त्यापायी वाट्याला आलेली अस्पृश्यता ज्यांनी सोसली, त्यांच्या श्रमावर ही चैन उभी आहे. हे गाडीच्या माहितीपत्रकात कधीच नसते.

दुकानात दुसऱ्या बाजूचेही प्रश्न येतात. त्र्यंबकेश्वरला नेहमी जाणारे एक गृहस्थ मामूंचे जुने गिऱ्हाईक. देवळात जाताना कमरेचा पट्टा आणि पाकीट काढून ठेवतो, मग बसून जातो ती सीट कशाची, असा त्यांचाच त्यांना पडलेला प्रश्न. ते हसत विचारायचे आणि मामू हसत म्हणायचे, 'अण्णा, ते तुमच्या महाराजांना विचारा, मी फक्त शिवतो.' एका जैन कुटुंबाने मात्र नव्याकोऱ्या गाडीचे सगळे चामडे काढून कापड बसवून घेतले. मामूंनी दोन दिवस लावून ते टाका न फाडता उसवले. कुटुंबाला ते कातडे घरात नको होते. मामूंनी ते गुंडाळून माळ्यावर ठेवले, आणि पुढची कित्येक वर्षे दुसऱ्यांच्या फाटक्या सीटना त्यातली ठिगळे लागली. ठिगळाला जुळणारा पोत मिळणे सर्वांत अवघड असते, बाजारात रंग मिळतो, पोत मिळत नाही.

आता तर मालही अवघड झाला आहे. १९७६ च्या कायद्याने राज्यात गाय कापायला बंदी होतीच. मार्च २०१५ मध्ये बैल आणि वळूही त्यात आले. म्हैस त्या कायद्यात नाही. पण टेम्पोवाल्याला कातडे बघून गाय आणि म्हैस कळत नाही, आणि रस्त्यात अडवणाऱ्यालाही कळत नाही, किंवा कळून घ्यायचे नसते. मुंबईहून येणाऱ्या मालाच्या प्रत्येक पावतीची मामू आता तीन झेरॉक्स काढतात. एक दुकानात, एक घरी, एक गाडी चालवणाऱ्याच्या खिशात. चाळीस वर्षे फक्त माप लिहायची वही ठेवणाऱ्या माणसाच्या गल्ल्याशेजारी आज पावत्यांची फाइल आहे. ती बघितली की मला वाईट वाटते.

बकरी ईदला शहाजहानी ईदगाहवरून नमाज पढून लोक घरी येतात, कुर्बानी होते, आणि दुपारपासून मदरशाची मुले गल्लीगल्लीतून कातडी गोळा करत फिरतात. हा आमचा जुना रिवाज. कातडी मदरशाला द्यायची, विकून आलेल्या पैशात गरीब मुलांचे धान्य आणि पुस्तके. माझ्या लहानपणी दोन-दोन मदरशांची मुले एकाच दारात यायची आणि अम्मीला कुणाला नाही म्हणावे कळायचे नाही. अलीकडे भाव इतके पडले आहेत की मीठ लावून, टेम्पो करून पोचवण्याचा खर्चही निघत नाही, म्हणून काही जण कातड्याऐवजी रोख रक्कम मागतात. मीठ लगेच लागले नाही तर त्या दिवसांत कातडे काही तासांत बिघडू लागते. मग ते कचऱ्याच्या ढिगात जाते. बकरीचे कातडे चार-पाच चौरस फुटांचे, त्याची गाडीची सीट होत नाही, हे मला माहीत आहे. गाईगुराचे कातडे साधारण पन्नास चौरस फुटांचे असते, आणि एका गाडीला तशी तीन-चार सहज लागतात. तीन-चार जनावरे. तरी ईदच्या दुसऱ्या दिवशी ढिगाजवळून गाडी नेताना माझा हात सीटकडे जातो.

भेग पडलीच तर घाई करा. केसाएवढी असताना ती साफ करून, घासून, लवचीक भरण आणि रंग देऊन बुजवता येते. बोट जाईल एवढी झाली की आतून कापडाचा आधार चिकटवावा लागतो. त्यापुढे तो तुकडा उसवून नवा शिवणे आले, आणि संपूर्ण सीट बदलण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त. बसायचा फोम खचला असेल तर आधी तो बदला. खचलेल्या फोमवर चामडे सुरकुततेच. एका बाबतीत मात्र मामू ऐकत नाहीत. ज्या सीटच्या बाजूला एअरबॅगची खूण शिवलेली असते तिच्यावर बाजारचे घट्ट कव्हर चढवून ते देत नाहीत, आणि ती शिवणही साध्या धाग्याने मारत नाहीत. अपघातात पिशवी त्या शिवणीतून फाडून बाहेर येते, शिवण मुद्दाम तशी ठेवलेली असते. 'कव्हर पाहिजे तर दुसरीकडं जा,' असे सांगून त्यांनी गिऱ्हाइके घालवलेली मी पाहिली आहेत.

मामूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. एका डोळ्याचे ऑपरेशन झाले, दुसऱ्याचे ईदनंतर. बारीक टाका आता त्यांचा शागीर्द घालतो, मामू शेजारी बसून बोटाने शिवणीवरून हात फिरवतात आणि कुठे टाका सैल आहे ते सांगतात. माझ्या गाडीच्या ड्रायव्हरच्या बाजूची कड, उतरताना पँट घासते तिथे, पातळ झाली आहे. गेल्या आठवड्यात दाखवली. त्यांनी अंगठा फिरवला, माळ्यावरून त्या जैन कुटुंबाच्या गुंडाळीतला शेवटचा तुकडा काढायला लावला, पोत जुळतो का ते दोन्ही हातांनी एकाच वेळी चाचपून पाहिले आणि शागीर्दाला त्यावर खडूने माझे नाव लिहायला सांगितले. 'पावसाळा संपला की आण,' ते म्हणाले, 'आता रंग सुकत नाही.'